निवृत्त बॉम्बशोधक श्वान द्राक्षबागेत: मखमलाबाद शिवारातलं एक प्रकरण

(कुटुंब, पथक, दवाखाना यांची ओळख लपवली आहे. श्वानाचं नावही बदललं आहे. इथे त्याला रुद्र म्हटलं आहे.)

पार्श्वभूमी

रुद्र हा लॅब्रॅडोर जातीचा नर. पिल्लू असतानाच पोलीस दलात आला, पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात स्फोटकं हुंगायला शिकला आणि मग आठ वर्षं नाशिक परिसरात बॉम्बशोधक व नाशक पथकात राहिला. रामकुंड, काळाराम मंदिर, नाशिकरोड स्टेशन, ओझर विमानतळ, मंत्र्यांच्या सभांची मैदानं, असं त्याचं काम. नवव्या वर्षी मागचे पाय ओढायला लागला. गाडीतून उडी मारताना एकदा थांबला, दुसऱ्यांदा मारलीच नाही. पशुवैद्यकीय तपासणीनंतर जुलैमध्ये त्याला सेवेतून मुक्त करायचं ठरलं.

त्या दिवशीची नोंद अशी: वजन ३४ किलो, हवं होतं २९. एक्स-रेत दोन्ही खुब्यांत संधिवात. पुढच्या कोपरांवर सिमेंटच्या जमिनीने आलेले जाड घट्टे. जाळी चावून चावून सुळे अर्धे झिजलेले. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारा आकडा, वाढला की वाईट) १.१, यकृत ठीक.

स्फोटकं शोधणाऱ्या श्वानाबद्दल एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी, कारण पुढचं अर्धं प्रकरण तिच्यावर उभं आहे. वास सापडला की तो भुंकत नाही, उकरत नाही. तो बसतो. बसून त्या वस्तूकडे एकटक बघतो आणि हस्तक, म्हणजे त्याला सांभाळणारा आणि त्याच्याकडून काम करवून घेणारा पोलीस, बक्षिसाचा चेंडू देईपर्यंत हलत नाही. उकरणारा श्वान बॉम्बजवळ कोणालाच नको असतो, म्हणून हे बसणं त्याच्या अंगात हजारो वेळा मुरवलेलं असतं. सेवामुक्तीचा कागद निघाला म्हणून ते जात नाही.

कोणाकडे द्यायचा

पर्याय तीन होते.

पहिला हक्क साहजिकच हस्तकांचा. आठ वर्षं सांभाळणाऱ्या हवालदारांना तो घरी न्यायचाच होता. पण घर म्हणजे पोलीस वसाहतीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट नाही. दिवसातून चार वेळा खाली-वर म्हणजे खुबे दुखणाऱ्या श्वानाला रोज सव्वाशेच्या वर पायऱ्या. शिवाय ड्यूटी कधी चोवीस तासांची. एवढ्या वजनाच्या श्वानाला उचलून न्यायला घरात दुसरं कोणी नाही.

दुसरा पर्याय प्राण्यांच्या निवाऱ्याचा. तिथे उपचार मिळाले असते, पण चाळीसेक भटकी कुत्री, सतत भुंकणं, आणि त्याच्याकडे ठरल्या वेळी येणारा एक माणूस नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात काम केलेले मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर हे चार लॅब्रॅडोर निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर एकत्र राहिले आणि २०१६ मध्ये एकामागोमाग गेले. जुने सोबती बरोबर असतील तर निवाराही चालतो. रुद्रबरोबर त्याच्या पथकातलं कोणीच येणार नव्हतं.

तिसरा पर्याय मखमलाबाद शिवारातलं एक शेतकरी कुटुंब. अडुसष्ट वर्षांचे नाना, मुलगा, सून, सात वर्षांचा नातू. बैठं घर, पुढे मातीचं अंगण, कुंपण पक्कं, विहिरीला कठडा. घराच्या मागे तीन एकर द्राक्षबाग, बाजूला पॅकिंग शेड आणि खतं-औषधांची खोली. दिवसभर घरात कोणी ना कोणी असतंच.

पथकातले दोघे आणि पशुवैद्य जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जागा बघून आले. फाटक, विहीर, साप निघतात का, पाणी कुठलं, बाहेरची कुत्री आत येतात का, सगळं विचारलं. पाहणी नीटच झाली होती. फक्त ती जुलैत झाली होती. तेव्हा बागेत पानं असतात, घड नसतात. शेड रिकामी होती, खताच्या खोलीला कुलूप होतं. जानेवारी-फेब्रुवारीत इथे काय चालतं हा प्रश्न कोणाच्या तोंडी आला नाही, आणि नाशिकच्या माणसाला द्राक्षं ही भीती वाटायची गोष्ट नसल्यामुळे घरच्यांनीही सांगितलं नाही.

नानांच्या मुलाकडून हमीपत्र घेतलं: विकायचा नाही, पैदाशीला वापरायचा नाही, राखणीच्या कामाला भाड्याने द्यायचा नाही, सांभाळणं जमलं नाही तर परस्पर कोणाला न देता पथकाला कळवायचं. सेवापुस्तकाची आणि लसीकरणाची प्रत बरोबर दिली. ती मागून घ्यावी लागते, आणि मागावीच. आधीचे आजार, गोचीड ताप होऊन गेला का, कोणत्या औषधाची रिअॅक्शन आली, हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं.

पहिले तीन आठवडे

पहिल्या रात्री रुद्र घरात आला नाही. ओसरीवर उभा राहिला. आतल्या गुळगुळीत फरशीवर पाय टाकला, मागचे पाय फाकले, तो माघारी. पाच पातळ योगा मॅट कापून दारापासून झोपायच्या जागेपर्यंत वाट केली तेव्हा दुसऱ्या दिवशी आत आला. झोपायला चार इंची फोम, त्यावर गोणपाटाची खोळ, वरून जुनी गोधडी. उंच पलंगडी ठेवली नाही, कारण चढ-उतार हेच त्याचं दुखणं.

दुसरी अडचण कोणाच्या ध्यानात यायला अठरा तास गेले. त्याने लघवीच केली नव्हती. अंगण मोकळं, झाडं भरपूर, तरी नाही. हस्तकांना फोन केला तेव्हा उलगडलं. पथकात ठरलेल्या वेळी, दोरी लावून, मातीवर नेऊन, ठरलेला शब्द उच्चारला की मगच तो मोकळा व्हायचा. सुटा सोडलेला श्वान म्हणजे खेळाची वेळ. सुनेने दोरी लावली, तो शब्द म्हटला, आणि रुद्र दोन मिनिटं एकाच जागी उभा.

म्हणून श्वान ताब्यात घेताना हस्तकाकडून एक कागद लिहून घ्यावा. सगळे हुकूम ज्या उच्चारात देतात त्याच उच्चारात, हाताची खूण, जेवण-फिरण्याच्या वेळा, तो कशाला घाबरतो, नखं कापताना आणि कान तपासताना कसा धरायचा, चेंडू कधी दाखवायचा आणि कधी लपवायचा. शोधाच्या वेळी घालायचा पट्टा मात्र घरी आणू नये. तो अंगावर चढला की श्वानाच्या लेखी ड्यूटी सुरू.

हस्तकांनी कधी भेटायला यायचं हे ठरवलं नव्हतं. ते चौथ्याच दिवशी आले. रुद्र त्यांच्या मोटारसायकलभोवती फिरला, मागच्या सीटवर पुढचे पाय ठेवून उभा राहिला. ते गेल्यावर फाटकाशी बसला आणि दोन दिवस त्याने घास घेतला नाही. नातवाने त्यांना ‘पोलीसमामा’ म्हणून पुन्हा यायचं वचन घेतलं होतं, तरी पुढचे पाच आठवडे ते आले नाहीत. हा निर्णय बरोबर होता. पहिला महिना हस्तकाने फोनवरून मदत करावी, समोर येऊ नये. नंतर खुशाल यावं. फेब्रुवारीत त्यांच्याशिवाय निभावलं नसतं.

खाण्याचा हिशेब पशुवैद्यांनी करून दिला. २९ किलो लक्ष्य वजनाच्या श्वानाला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ८७५ किलोकॅलरी लागतात (किलोतल्या वजनाचा पाऊण घात, गुणिले ७०). वजन उतरवायचं तर तेवढंच द्यायचं. १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी असलेलं कोरडं खाद्य धरलं तर २५० ग्रॅम, दोन वेळा विभागून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. वाटीने मोजलेलं ‘अडीचशे’ तीनशेच्या वर जातं. नानांना हे पटायला वेळ लागला. सकाळच्या चहाबरोबर अर्धी पोळी ते त्याला टाकतच राहिले. शेवटी सुनेने पोळी बंद केली नाही, रोजच्या खाद्यातून १५ ग्रॅम कमी केले. भांडणापेक्षा हे सोपं पडलं.

संधिवातासाठी ऑगस्टपासून कार्प्रोफेन सुरू झालं, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर. महिन्याने रक्त तपासलं, ठीक निघालं.

एक गोष्ट सुनेच्या नजरेतून सुटली नाही. रुद्र संध्याकाळी नानांचे गुडघे चाटायचा. लाड म्हणून सगळे हसायचे. नाना गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चोळत. ते जेल, आणि पोटात आधीच कार्प्रोफेन. एकाच जातीची दोन वेदनाशामकं एकत्र गेली की जठरात व्रण आणि मूत्रपिंडावर भार. तेव्हापासून जेल रात्री झोपताना, वरून पायजमा, हात धुऊन.

ऑक्टोबर: तो बसायला लागला

ऑक्टोबरात फळछाटणी झाली. छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे (अंकुर) फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे हे घरच्यांना माहीत असल्याने ते दोन दिवस रुद्र घरातच. मग खताच्या खोलीची ये-जा वाढली आणि एका सकाळी तो त्या खोलीच्या दारात बसलेला सापडला. ताठ, कान पुढे, नजर आतल्या एका गोणीवर. हाक मारली, आला नाही. खाद्याचं भांडं वाजवलं, तरी नाही. नातवाने गळ्यात हात टाकून ओढला, तो जागचा हलला नाही, फक्त शेपटीचं टोक जमिनीवर एकदा आपटलं.

गोणी होती १३:०:४५ ची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. शेजारी वेलीवरच्या भुरी रोगासाठी आणलेलं ८० टक्के गंधक. बंदुकीच्या काळ्या दारूत ७५ भाग पोटॅशियम नायट्रेट, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतं. तिच्या तीनपैकी दोन घटकांच्या शेजारी आपण त्याला राहायला आणलं होतं. तो त्याचं काम चोख करत होता आणि चेंडू कोणी देत नव्हतं.

पंधरा दिवसांत दिवाळी आली. आता वास खोलीपुरता उरला नाही. शेजारच्या फाटकाशी, रस्त्यावर जळलेल्या लडीच्या कागदांपाशी, नातवाच्या फुलबाज्यांच्या खोक्यापुढे, रुद्र बसत होता. सुनेने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मोजलं, दुपारपर्यंत चाळीसच्या वर. घरच्यांना वाटलं होतं आवाजाने घाबरेल. आवाजाकडे त्याचं लक्षही नव्हतं. पाडव्याला तो उजव्या मागच्या पायाने लंगडू लागला.

पाय मुरगळला असं सगळे धरून चालले. पशुवैद्यांनी दाबून पाहिलं, मुरगळ नाही, जखम नाही. मग मोजणी विचारली. संधिवात झालेल्या खुब्याला सगळ्यात जड हालचाल कुठली तर खाली बसणं आणि बसलेलं उठणं. दिवसात चाळीस वेळा, थंड फरशीवर. वागणुकीतला दोष आणि सांध्याचं दुखणं अशा दोन तक्रारी घेऊन माणसं आली होती, तक्रार एकच निघाली.

आता करायचं काय? यावर तीन मतं होती.

एक, दुर्लक्ष करायचं. बक्षीस नाही मिळालं की सवय आपोआप सुटेल. पण सुटण्याआधी ती वाढते. श्वान जास्त वेळ, जास्त ठिकाणी, जास्त हट्टाने बसतो, आणि या खुब्यांना तेवढी मुदत नव्हती.

दोन, प्रत्येक वेळी चेंडू देऊन मोकळा करायचा. तो खूश राहतो, पण बसणं पक्कं होतं.

तीन, नाकाला दुसरं काम द्यायचं आणि त्या कामाची खूण बसणं नव्हे, उभं राहणं ठेवायची. हे निवडलं. मात्र त्याआधी निम्मा प्रश्न कुदळ-फावड्याने सुटण्यासारखा होता. खतं आणि गंधक घरापासून दोनशे फूट लांब, पंपाजवळच्या पत्र्याच्या खोलीत हलवली. जुन्या खोलीची जमीन धुऊन, वर चुना मारून घेतला.

नवं काम असं शिकवलं. भोकं पाडलेल्या छोट्या पत्र्याच्या डबीत कापूस आणि चार लवंगा. लवंगेचं तेल नाही. ते चाटलं तर श्वानाला बाधतं, आणि वास इतका पसरतो की शोधायला काही उरत नाही. पहिले चार दिवस डबी हातात, नाक लागलं की लगेच चेंडू. मग डबी तीन खोक्यांपैकी एकात, खोकी स्टुलावर, रुद्रच्या छातीच्या उंचीवर. इथेच खरी मेख आहे: वास जमिनीवर असेल तर तो बसणार, नाकासमोर असेल तर उभा राहून नाक रोखणं त्याला सोयीचं पडतं. नाक दोन सेकंद स्थिर राहिलं की ‘शाब्बास’ आणि चेंडू. बुड खाली जायला लागलं की काही न बोलता खोकी बदलायची. रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, गळ्यात पिवळा रुमाल बांधून. रुमाल सोडला की काम संपलं, हे त्याला शब्दांपेक्षा लवकर कळलं.

एक चूक झाली. पहिल्या आठवड्यात नातू दिवसभर डब्या लपवायचा. पोरालाही मजा, श्वानालाही. पण रुद्र रुमालाशिवायही घर हुंगत फिरायला लागला, दुपारची झोप मोडली. वेळ बांधून दिल्यावर घडी बसली. डिसेंबरच्या मध्यापर्यंत बाहेर बसणं दिवसाला चार-पाच वेळांवर आलं. पूर्ण थांबलं नाही, आणि थांबेल असं कोणी कबूलही केलं नव्हतं.

फेब्रुवारी: शेडमधले मणी

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, काढणी जोरात. शेडमध्ये सकाळी सातपासून बाया कात्रीने घडातले तडकलेले, बारके मणी काढत होत्या. ते मणी पायाशी पडतात आणि दुपारी एकदम गोळा होतात. आठ वाजून दहा मिनिटांनी सून चहा घेऊन गेली तर रुद्र टेबलाखाली, जमीन चाटून लख्ख. एका बाईने कौतुकाने सांगितलं, “ताई, लई आवडतात बघा त्याला.”

द्राक्षं आणि बेदाणे श्वानाला विष आहेत. सगळ्यांनाच सारखी बाधत नाहीत, म्हणून तर ‘आमचा कुत्रा रोज खातो’ असं सांगणारे बागेबागेत भेटतात. किलो वजनाला साधारण २० ग्रॅम द्राक्षं खाल्लेल्या श्वानांची मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. सुरक्षित मात्रा मात्र सांगता येत नाही. बेदाण्यांची मात्रा याहून कितीतरी कमी, किलोमागे तीनेक ग्रॅमच्या आसपास. ३१ किलोच्या श्वानाला बाधायला शंभर ग्रॅमही लागत नाहीत, म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यातले वेचून काढावेत. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते कमी-जास्त असतं, त्यामुळे बाधण्यातला फरक समजतो. तेच आम्ल चिंचेत आहे, तेव्हा चिंचेची आमटीही टाळावी. कांदा वेगळ्या कारणाने वाईट, तो तांबड्या पेशी फोडतो. नाशिकच्या शेतावर श्वान ठेवायचा तर ही यादी तोंडपाठ हवी.

सुनेला हे माहीत होतं. दिवाळीत पशुवैद्यांनी सांगितलं होतं. घरात आणि बागेत तिने ते पाळलंही होतं. शेडमधल्या मजुरांना कोणी सांगितलं नव्हतं.

तिने सव्वाआठला फोन लावला. तोवर नाना मिठाचं पाणी कालवून आले होते, उलटी करवायला. पशुवैद्यांनी फोनवरच थांबवलं. मीठ पाजून श्वान ओकतोच असं नाही, पण रक्तातलं सोडियम चढून झटके येतात आणि मग एका विषाची दोन विषं होतात. घरी काही पाजायचं नाही, तडक घेऊन यायचं. गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात पोचायला पस्तीस मिनिटं लागली. नवाच्या सुमाराला औषधाने उलटी करवली. पहिले दोन तास हातात असले तर बरंच बाहेर येतं. ट्रेमध्ये सत्तरेक मणी आणि सालींचा लगदा, काही मणी तर चावलेसुद्धा नव्हते.

मग पोटात उरलेलं विष शोषायला सक्रिय कोळसा, आणि शिरेतून रिंगर लॅक्टेटचं सलाइन, ४८ तास. नेहमीच्या गरजेच्या दुप्पट, म्हणजे या वजनाला दिवसाला साडेतीन-पावणेचार लिटर. लघवी मोजायची, तासाला किलोमागे निदान १ मिलिलिटर हवी. ती थांबली आणि सलाइन चालूच राहिलं तर पाणी फुप्फुसात साचतं.

इथे एक अवघड वळण आलं. दवाखाना रात्री बंद होतो. सलाइन काढून घरी न्यायचं, की मुंबईला परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयापर्यंत हलवायचं? रस्त्यात चार-पाच तास सलाइन जवळजवळ बंदच राहणार आणि श्वान आधीच ओकून थकलेला. हस्तकांना फोन केला. ते रजा टाकून आले आणि दोन्ही रात्री कंपाउंडरबरोबर दवाखान्यात बसले. सुई लावलेला पाय रुद्रने एरवी चावून मोकळा केला असता. त्यांनी ‘स्टे’ म्हटल्यावर त्याने पहाटेपर्यंत पाय हलवला नाही.

क्रिएटिनिन दाखल करताना १.२ होतं, २४ तासांनी १.६, ४८ तासांनी २.१, ७२ तासांनी १.९. दहाव्या दिवशी १.६, महिन्याने १.५. पहिल्या दिवशीचा आकडा चांगला आला म्हणून अनेकजण श्वान घरी नेतात. मूत्रपिंडाचं नुकसान रक्तात दिसायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे तो पहिला आकडा फक्त पुढच्यांशी ताडून बघायला असतो.

खुबे की मूत्रपिंडं

त्या सकाळी सातला रुद्रला रोजची कार्प्रोफेनची गोळी दिलेली होती. तीही मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. दोन्ही ओझी एकाच दिवशी पडली. गोळी तिथेच बंद केली आणि १.५ वर थांबलेला आकडा पाहून पुन्हा सुरू केली नाही. कमी मात्रेत चालली असती असं एक मत होतं. कदाचित चाललीही असती, पण दहाव्या वर्षात, चुकून पुन्हा मणी पोटात जाऊ शकतात अशा जागी, तो जुगार नको वाटला.

त्याऐवजी गॅबापेंटिन, वेगळ्या जातीचं वेदनाशामक. रात्री १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात, दोन आठवड्यांत ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पहिले चार दिवस तो झिंगल्यासारखा चालत होता. मॅटची वाट होती म्हणून पडला नाही. माणसांच्या कॅप्सूल चालतात, माणसांचं पातळ औषध नाही, त्यात गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं आणि ते श्वानाला घातक आहे. सोबत माशाचं तेल, दर तीन आठवड्यांनी नखं कापणं (वाढलेल्या नखांनी पाय मागे रेलतो आणि खुबा आणखी दुखतो), आणि एका ४५ मिनिटांच्या फेरीऐवजी मातीवरून पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन. आठवड्याच्या वजनवहीत पुढच्या जूनमध्ये २९.५ किलोची नोंद आहे. उतरलेल्या साडेचार किलोंनी गोळीपेक्षा जास्त काम केलं, असं पशुवैद्यांचं मत आहे आणि ते खरं वाटतं.

नाशिकची थंडी अजून जड जाते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की सकाळची पहिली फेरी ऊन अंगणात आल्यावरच.

वेगळं काय करता आलं असतं

हस्तकांच्या भेटी, पोळीचा हिशेब, नातवाच्या डब्या या चुका पहिल्याच आठवड्यात दिसतात आणि सुधारतात. जुलैची पाहणी मात्र तशी नव्हती. तपासणारे घर बघून आले, घराचं वर्ष त्यांनी बघितलं नाही. नानांना नुसतं ‘आषाढापासून आषाढापर्यंत इथे काय काय होतं?’ एवढं विचारलं असतं तर खरड छाटणी, फळछाटणी, डोळे फुटायचं औषध, १३:०:४५, गंधक, विरळणी, काढणी, सगळं त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं असतं. मग श्वान द्यायचा नाही असं ठरलं असतं का? बहुधा नाही. दुसऱ्या मजल्यापेक्षा ही जागा तरीही चांगली होती. पण खताची खोली ऑगस्टमध्येच हलली असती आणि शेडला दार बसलं असतं.

लवंगेचं कामही दिवाळीची वाट न बघता आल्यापासून चौथ्या आठवड्यात सुरू करता आलं असतं. बॉम्बशोधक श्वान घेणाऱ्याने तसंच करावं. माग काढणाऱ्या किंवा अमली पदार्थ शोधणाऱ्या श्वानाची खूण वेगळी असते, तिथे हीच कृती जशीच्या तशी उचलू नये.

आता शेडला तीन फुटी जाळीचं फाटक आहे, आपोआप लागणारं. काढणीच्या दिवसांत बागेत फिरायला नेताना रुद्रला जाळीदार मुसकं घालतात. त्यातून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, मणी मात्र येत नाहीत. बैलाच्या मुसक्याची सवय असलेल्या नानांनी हे पहिल्या दिवशी विनातक्रार मानलं. पोळीच्या वेळी मात्र काढावं लागतं म्हणतात.

शेडच्या भिंतीवर मजुरांच्या हजेरीच्या फळ्याशेजारी दिनदर्शिका टांगलेली आहे. ऑक्टोबरवर लाल पेनाने ‘छाटणी, औषध, ४ दिवस घरात’, दिवाळीच्या पानावर ‘रुमालाचं काम तीन वेळा, फेरी पहाटे पाचला, कचरा झाडून’, जानेवारी ते मार्च या तिन्ही पानांवर आडवं ‘मुसकं’. खाली दवाखान्याचा आणि पोलीसमामांचा नंबर. काढणीला दरवर्षी नवी टोळी येते, म्हणून पहिल्या सकाळी चहाच्या आधी सून सगळ्यांना त्या भिंतीसमोर उभं करते आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मणी हातात धरून, रुद्रकडे बोट दाखवून सांगते.